जुन्या गाडीचं इंजिन पुन्हा पुन्हा हादरतंय? माउंटिंग बदलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो. तुमच्या गाडीशी किती जुळतात ते बघा.

स्लोवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा थरथरतो, आरशात मागची गाडी नीट दिसत नाही. रेस वाढवली की एका ठराविक टप्प्यावर सगळी बॉडी घुमते, तो टप्पा ओलांडला की शांत. इंजिनच्या पुढच्या अंगाने कोरडा टक-टक ठोका येतो, तोही स्लोवर जास्त. फॅन बेल्ट एकाच कडेने झिजतो किंवा अधूनमधून उतरतो. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, लावून आठ दिवस होत नाहीत तोच पुन्हा सरकल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यांच्या ओळखीचं लक्षण म्हणजे, इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, नवं टाकलं, दोन-तीन महिने बरे गेले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या घरी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. गिरगावातल्या आमच्या वाडीत आणि आजूबाजूला अशा आणखी गाड्या आहेत, दोन ॲम्बेसिडर आहेत, आणि वीसेक वर्षांत यातल्या बहुतेकींच्या इंजिनला माझा हात लागला आहे. पूर्वी याची गरज पडत नसे. कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्यांच्या मिस्त्रीला नुसता आवाज ऐकवला तरी तो दोष सांगायचा. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आणि त्याआधीच हे मिस्त्री एकेक करून गावी गेले किंवा दुसऱ्या कामाला लागले. गाड्या राहिल्या आणि त्यांचा कान असलेली माणसं पांगली. म्हणून जे माहीत आहे ते लिहून ठेवतो आहे.

माउंटिंग वारंवार जातं तेव्हा बहुतेक वेळा दोष माउंटिंगचा नसतोच. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, पुढच्या टोकावरची फॅन बेल्टची पुली जराशी सैल किंवा वाकडी असते. ती डुलत फिरते म्हणून तिच्या मागच्या टायमिंग कव्हरमधलं ऑइल अडवणारं कडं, म्हणजे ऑइल सील, झिजतं. सीलमधून ऑइल झिरपतं, फॅनचा वारा ते मागे ढकलतो आणि ते माउंटिंगच्या रबरावर बसतं. ऑइल प्यायलेलं रबर फुगतं, मऊ पडतं, इंजिन हादरायला लागतं. मग आपण रबर बदलतो आणि पुली तशीच राहते. पण म्हणून पहिल्या दिवशी पुलीला पुलर, म्हणजे ती ओढून काढायचं अवजार, लावू नका. हादऱ्याची फुकट तपासता येणारी कारणं याहून पुष्कळ आहेत, आणि पुली काढताना नवं दुखणं ओढवून घेणारेही मी खूप पाहिलेत.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जीव घेतो. आणि चालू इंजिनवर वाकताना गळ्यातली साखळी, ओढणी, सैल बाही, मफलर काहीही नको. या गाड्यांच्या फॅनवर बहुधा झाकण नसतं.

पहिली तपासणी: हादरा कशाबरोबर वाढतो?

गाडी उभी, गिअर न्यूट्रलला. हळूहळू रेस वाढवा. हादरा उभ्या गाडीतही येत असेल तर तो इंजिनचा, किंवा इंजिनला जोडलेल्या कशाचा तरी. उभ्या गाडीत काहीच नाही आणि मरीन ड्राइव्हवर पन्नासला थरथर सुरू होते, रस्त्यात न्यूट्रल करून इंजिन स्लोवर आणलं तरी थांबत नाही, तर चाकांचं बॅलन्सिंग आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट बघा. पुलीचा त्यात काही संबंध नाही. एवढ्या एका चाचणीने निम्मे लोक चुकीच्या वाटेवरून मागे फिरतात.

इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा. हादरा बदलला, आणि तो क्लचचं काम झाल्यापासूनच सुरू झाला असेल, तर क्लचची प्रेशर प्लेट मूळ खुणेवर न बसवता फिरवून बसवली असण्याची शक्यता आहे. ते गिअरबॉक्स उतरवण्याचं काम आहे, घरी करू नका.

दुसरी: हादऱ्याचा ताल

यावर थोडा वेळ घालवा, खर्च शून्य आहे. चार सिलिंडरचं इंजिन स्लोवर मिनिटाला ९०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला १५ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ३० धक्के. हे इतके जवळजवळ येतात की हाताला नुसती गुणगुण लागते. एक सिलिंडर मेलं तर दर दोन फेऱ्यांत एक धक्का गायब होतो, म्हणजे सेकंदाला सात-आठ वेळा इंजिन लंगडतं. हा लंगडेपणा डोळ्यांना दिसतो, एअर क्लीनर एका बाजूला झुकून परत येतो. पुली, फॅन किंवा फ्लायव्हीलचं (क्रँकच्या मागच्या टोकावरच्या जड चाकाचं) वजन बिघडलं असेल तर दर फेरीला एक झटका, सेकंदाला १५. तो लंगडत नाही, थरथरतो.

एअर क्लीनरवर स्टीलची वाटी पाणी घालून ठेवा. लंगड्या इंजिनात पाणी हिंदकळतं, वजन बिघडलेल्या इंजिनात त्यावर बारीक गोल लहरी उठतात. दोन-तीन गाड्यांवर करून पाहिलं की फरक चटकन कळायला लागतो.

वजनाच्या दोषाची आणखी एक खूण म्हणजे तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या तिप्पट झाल्या की जोर नऊपट. केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर १० ग्रॅम जादा वजन असेल तर १००० फेऱ्यांना त्याचा ओढा पाऊण किलोहूनही कमी असतो, आणि ३०००ला तोच सुमारे ६ किलो होतो. म्हणून स्लोवर शहाणी असलेली गाडी हायवेला दात वाजवते. उलट स्लोवर धडधडणारी आणि रेसवर सुधारणारी गाडी जवळजवळ नेहमी मिसिंगची (एखादं सिलिंडर नीट न पेटण्याची) किंवा माउंटिंगची असते.

एक लक्षात असू द्या. चार सिलिंडरच्या रांगेतल्या इंजिनात पिस्टनच्या ये-जा करण्यामुळे फेऱ्यांच्या दुप्पट वेगाची बारीक कंपनं असतातच. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन काय किंवा ॲम्बेसिडरचं १४८९ सीसीचं काय, आजच्या गाडीसारखं गुळगुळीत कधीच नव्हतं. आधी नव्हता असा हादरा शोधायचा आहे, इंजिनचा स्वभाव नव्हे.

तिसरी: मिसिंग

पावसाळ्यात इथूनच सुरुवात करा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली, फॅनने पाणी उडवलं आणि प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल गेली, की दुसऱ्या दिवशी ‘इंजिन हादरतंय’ म्हणून फोन येतो. टोपी काढा, आतून सुक्या कापडाने पुसा, बारीक काळी रेघ, म्हणजे तडा, दिसतो का बघा. प्लग काढा आणि चारही ओळीने कागदावर मांडा. एकच काळा ओला आणि बाकीचे भुरे असतील तर गुन्हेगार तोच. कॉन्टॅक्ट पॉइंट खाल्लेले असतील तर घासत बसू नका, बदला. कंडेन्सरही सोबत बदला.

मग इंजिन स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, हातात इन्सुलेशनची पक्कड, आणि काढलेलं टोक इंजिनच्या धातूला टेकवून ठेवायचं म्हणजे कॉइलवर ताण येत नाही. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, ते आधीपासून मेलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलं असेल तर ही चाचणी करू नका, मॉड्यूल जळू शकतं.

ठोक्याची तक्रार असेल तर याच वेळी कान द्या. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर त्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका एकदम मऊ होतो. कोणतीही वायर काढली तरी ठोका तसाच राहिला, तर पुढे वाचा.

चौथी: बेल्ट काढून इंजिन चालवा

माझी सगळ्यात आवडती चाचणी, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी. इंजिन थंड असताना डायनमोचा किंवा अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून फॅन बेल्ट उतरवा. इंजिन चालू करा, फार तर दीड मिनिट, कारण वॉटर पंप बंद आहे.

हादरा गेला? मग दोष बेल्टने फिरणाऱ्या वस्तूत आहे: फॅन, वॉटर पंप, डायनमो. फॅनची पाती एकेक करून हाताने चाचपा. जुन्या पत्र्याच्या फॅनला रिव्हेटपाशी तडा जातो, आणि तसं पातं धावत्या इंजिनात सुटलं तर रेडिएटर फाडून बाहेर येतं. तडा दिसला तर तो फॅन त्याच दिवशी बदला, वेल्डिंग नको. वॉटर पंपची पुली धरून वर-खाली हलवा. हलली तर बेअरिंग गेलं.

हादरा तसाच आहे? मग क्रँक पुली, फ्लायव्हील, माउंटिंग किंवा इंजिनच्या आत. हादरा राहिला पण ठोका गेला किंवा बदलला, तर पुली सैल असण्याची शक्यता खूप वाढली. बेल्टचा ताण पुलीला एका बाजूला ओढून धरतो आणि दर फेरीला ती त्या ओढीशी झगडते. बेल्ट काढला की झगडा संपतो.

पाचवी: माउंटिंग

टॉर्च घेऊन रबर बघा. नुसतं चिरलेलं कोरडं रबर असेल तर ते वयाने गेलं, बदला आणि विषय संपला. ऑइलने चिंब, बोटाने दाबलं तर साबणासारखं लागणारं असेल, तर ऑइल कुठून आलं हे सापडेपर्यंत नवं रबर विकत घेऊ नका.

चाचणीसाठी कुणाला तरी आत बसवा. हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही, पहिला गिअर, क्लच अलगद इतकाच सोडायचा की इंजिनवर जोर येईल. तुम्ही बाजूला उभे राहून बघा, गाडीच्या पुढे कुणीही नको. इंजिन एका बाजूने बोटभर उचललं गेलं तर त्या बाजूचं माउंटिंग सुटलं आहे. रिव्हर्समध्ये दुसरी बाजू तपासली जाते. गिअरबॉक्सखालचं माउंटिंग लोक विसरतात, तेही बघा.

नवं बसवताना सगळे बोल्ट हाताने लावा, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा आणि मगच आवळा. आधी आवळलं तर रबर पिळलेलं राहतं आणि पिळलेलं रबर हादरा जसाच्या तसा चासीला देतं.

सहावी: ऑइलची रेघ वाचा

आता पुलीजवळ आलो. इंजिन बंद. पुलीच्या अगदी समोरासमोरच्या पातळीत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, खालच्या क्रॉस मेंबरवर, बॉनेटच्या आत, ऑइलच्या ठिपक्यांची सरळ रेघ आहे का बघा. पुलीवर आलेलं ऑइल ती गोफणीसारखं बाहेर फेकते, म्हणून रेघ पुलीच्या पातळीतच पडते. वरून गळणारं व्हॉल्व्ह कव्हरचं ऑइल असं रेघेत पडत नाही, ते ओघळतं. केरोसीनने सगळं स्वच्छ पुसून, पूर्ण सुकू देऊन वीस किलोमीटर फिरवून आणलं की रेघ ताजी मिळते.

रेघ सापडली तरी लगेच सील बदलायला निघू नका. आधी क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी वाट, साफ करा. तो तुंबला की आतला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आणि सीलमधून ऑइल घेऊन निघतो. काम पंधरा मिनिटांचं, खर्च वाटीभर केरोसीनचा. नवं सील टाकूनही आठवड्यात गळलेल्या दोन गाड्यांचं कारण हेच निघालं.

सातवी: पुली सैल की वाकडी?

बॅटरीची वायर काढा, बेल्ट उतरवा, गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून हँडब्रेक लावा म्हणजे क्रँकशाफ्ट धरून राहील. आता पुली दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या काट्यासारखी पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करा. गिअरमधली थोडी ढील क्रँकसकट जाणवेल, ती वेगळी. मधल्या नटाकडे बघत राहा. नट स्थिर आणि पुली हलते, तर निदान झालं.

शेजारच्या वाडीतल्या एका काकांच्या पद्मिनीत मी हेच पाहिलं. त्यांना एका ठिकाणी इंजिन उतरवायला सांगितलं होतं. “बेअरिंग गेलंय म्हणतात रे, पोटात ठोका आहे,” काका म्हणाले. त्यांच्या नातीने टॉर्च धरला. पुली हाताने जेमतेम दोन मिलिमीटर हलत होती, आणि दर वेळी तिच्या मधल्या भोकाच्या कडेने विटकरीसारखी लाल पूड बाहेर येत होती. बोटावर घेतली तर मेंदीच्या पुडीसारखी बारीक. ती पूड म्हणजे धातूवर धातू घासून तयार झालेला गंज. ती दिसली की दुसरा पुरावा लागत नाही. बेअरिंगला काहीही झालेलं नव्हतं.

पुली सैल नसेल तर वाकडी आहे का बघा. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं. गिअर न्यूट्रलला आणा. टायमिंग कव्हरच्या एखाद्या बोल्टला ताठ तार बांधून तिचं टोक पुलीच्या कडेपासून केसभर अंतरावर ठेवा आणि पुढून घालायच्या स्टार्टिंग हँडलने इंजिन हळू फिरवा. अंतर कमी-जास्त होतं का? आधी पुढच्या कडेवर बघा, मग परिघावर. डायल गेज असेल तर उत्तमच. फक्त बाहेरची ओठासारखी कड वाकली असेल आणि बेल्टची खाच सरळ फिरत असेल तर हादरा त्यामुळे नाही. खाचच डोळ्यांना दिसेल इतकी डुलत असेल तर पुली बदला. ठोकून सरळ करू नका, तिचं वजन बिघडतं.

हँडलचं एक सांगतो. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला विळखा नको. प्लग लावलेले असतील आणि इंजिनने उलटा झटका दिला तर विळख्यातला अंगठा मोडतो.

याच वेळी आणखी एक बघून घ्या. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी क्लच दाबायला-सोडायला सांगा. पुली पुढे-मागे सरकताना दिसते का? जेमतेम जाणवणारी हालचाल ठीक आहे. लांबून डोळ्यांना दिसत असेल तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर संपले आहेत. इथे थांबा, गाडी चालवू नका, चांगल्या इंजिन मिस्त्रीकडे न्या. वॉशर पडले तर क्रँक ब्लॉकवर घासतो आणि ब्लॉकच निकामी होतो.

तुमची पुली रबरवाली आहे का?

चार सिलिंडरच्या साध्या गाडीत पुली सहसा एकसंध असते. सहा-आठ सिलिंडरच्या गाड्यांत, म्हणजे जुन्या शेवर्ले, ब्युइक, जॅग्वारसारख्या, ती बहुतेकदा दोन भागांची असते: मधला गोळा, त्याभोवती रबराचं कडं, बाहेर जड वळं. मुंबईत अशा गाड्या नव्या नाहीत, जनरल मोटर्सने शिवडीला १९२८मध्येच जोडणीचा कारखाना काढला होता. लांब क्रँकशाफ्ट प्रत्येक धक्क्याला किंचित पिळतो आणि सुटतो. हे पिळणं ठराविक फेऱ्यांना स्वतःच्याच तालात सापडलं की वाढत जातं, आणि बाहेरचं जड वळं रबरातून त्याला विरोध करून ते शमवतं. म्हणून ‘एकाच टप्प्यावर घुमते’ हे लक्षण अशा गाडीत गंभीर आहे. तिथे दीर्घकाळ चालवलं तर क्रँकशाफ्ट तुटू शकतो.

आपल्याकडची खारी हवा आणि उन्हाळा या रबराचे शत्रू, आणि महिनोन् महिने कव्हराखाली उभी असलेली गाडी तर जास्तच. मधला भाग, रबर आणि वळं यांवरून पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढा. आठवडाभर गाडी वापरा. रेघ तुटून वळ्यावरचा तुकडा सरकला असेल तर रबर सुटलं. टायमिंगची खूण याच वळ्यावर असते, म्हणून टायमिंग ‘सरकतं’. खात्री करायची तर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकात सरबताची लांब नळी सरळ धरा आणि हँडलने हळू फिरवा. नळी वर येऊन थांबते आणि खाली जायला लागते, त्या थांब्याचा मध्य म्हणजे पिस्टनचं वरचं टोक. त्या क्षणी पुलीवरची शून्याची खूण जागेवर हवी. एकसंध पुलीतही खूण चुकली, तर पुलीला क्रँकवर फिरू न देणारी आतली धातूची चावी कापली गेली आहे.

रबर सुटलेली पुली घरी चिकटवू नका. सुटलेलं वळं धावत्या इंजिनात बाहेर आलं तर समोर जे असेल ते फोडतं. रबर पुन्हा साच्यात भरून देणाऱ्यांकडे द्या किंवा बदला. आणि रबरवालीच्या जागी टर्नरकडून एकसंध पुली बनवून घेऊ नका. बसते छान, पण क्रँकशाफ्टचं संरक्षण जातं.

आठवी: पुली काढणं

इथवर आलात आणि पुली सैल किंवा सील गळतं हे नक्की झालं असेल, तरच. मधल्या नटाच्या तोंडाला हँडल अडकवायचे दात असतात आणि खाली वाकवलेलं पत्र्याचं वायसर असतं. वायसरची पाकळी सरळ करा, चौथा गिअर, पायब्रेक दाबून धरायला माणूस, आणि लांब दांड्याचा योग्य मापाचा पाना. समोरून बघता डावीकडे फिरवला की सुटतो. स्टार्टर मारून नट सोडवायची युक्ती कुणी सांगेल. पाना सुटून हनुवटीवर बसतो, करू नका.

तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडेला लावला की पुली वाकते, रबरवाली असेल तर वळंच सुटून हातात येतं. मधल्या भागात आट्यांची भोकं असतात, तिथे बोल्ट लावून ओढणारा पुलर वापरा. भोकं नसतील आणि पुली हलत नसेल तर हातोडी उचलू नका, गॅरेज गाठा. हातोडीचे घाव थ्रस्ट वॉशर खातात.

पुली निघाली की चार जागा नीट बघा. अर्धचंद्राच्या आकाराची चावी: तिच्या बाजूला पायरी पडली असेल तर ती संपली. क्रँकवरची चावीची खाच: कडा सरळ हव्यात, फुललेल्या नकोत. पुलीचं भोक: क्रँकवर हाताच्या दाबाने घट्ट जायला हवं, खुळखुळ नको. आणि पुलीच्या मानेवर सील घासतं ती जागा: नख फिरवा, अडकलं तर तिथे चर पडला आहे आणि नवं सीलही गळणार. चर उथळ असेल तर टर्नरकडून मानेवर पातळ बाही बसवून घेता येते.

काकांच्या गाडीत चावी आधी दोनदा बदलली होती. कुणी पुलीचं भोक बघितलंच नव्हतं, ते ढिलं झालं होतं. ढिल्या भोकात नवी चावी एकटी सगळा भार घेते आणि काही महिन्यांत कापली जाते. शिवाय मूळचं जाड वायसर हरवून पातळ घातलेलं होतं. त्यामुळे नट क्रँकच्या आट्यांत तळाला टेकून घट्ट वाटायचा, पण पुलीला दाबतच नव्हता. नट घट्ट आणि पुली सैल हे कोडं समोर आलं की वायसर मोजा. पुली कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळाली, चावी आणि सील ऑपेरा हाऊसला. जाताना जुना भाग सोबत न्या, नुसत्या वर्णनावर आणलेला भाग हमखास परत जातो. दुसऱ्या गाडीची पुली घेणार असाल तर ती काचेवर फिरवून बघा, आणि टायमिंगची खूण त्याच जागी आहे ना तेही जुळवा.

सील बदलताना टायमिंग कव्हर उघडलं असेल तर त्याचे बोल्ट आधी हातानेच लावा, मानेला ऑइल लावून पुली आत सरकवा म्हणजे सील तिच्याभोवती मध्यावर येतं, आणि मग कव्हर आवळा. आधी कव्हर आवळून मग पुली घुसवली तर सील एका बाजूने दाबलं जातं आणि महिन्याभरात पुन्हा तीच रेघ. नट किती आवळायचा ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर, टॉर्क पान्यानेच. वायसर नवं घाला आणि पाकळी नटावर दुमडायला विसरू नका.

इथे थांबा

क्रँकवरची खाच फुलली असेल तर ती पत्र्याची पट्टी किंवा एम-सील भरून चालवू नका, मशीन शॉपचं काम आहे. क्रँकच्या टोकाला, खाचेच्या कोपऱ्यात बारीक तडा दिसला किंवा नुसती शंका आली, तर गाडी हलवू नका, टो करून न्या. क्लच दाबल्यावर पुली दिसण्याइतकी सरकली, वायर काढल्यावर ठोका मऊ झाला, ऑइलचा दाब गरम इंजिनात पडतो, किंवा बेल्ट, माउंटिंग, पुली सगळं ठीक असूनही फेऱ्यांच्या वर्गाने हादरा वाढतो, तर दोष बेअरिंगचा, क्रँकचा किंवा फ्लायव्हीलचा आहे. पद्मिनी आणि ॲम्बेसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात क्रँक तीनच मुख्य बेअरिंगवर फिरतो, त्यातलं एक गेलं की उरलेल्या दोघांवर भार पडतो. तेव्हा ‘अजून महिनाभर चालेल’ म्हणू नका. इंजिन उघडलंच तर क्रँक, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि पुली एकत्र जोडून बॅलन्सिंग करून मागा. सुटे सुटे बॅलन्स केलेले भाग एकत्र आल्यावर पुन्हा बिघडू शकतात.

पुली घरी बसवली असेल तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर इंजिन थंड झाल्यावर बेल्ट उतरवून पुली हाताने हलवून बघा, लाल पूड आहे का बघा, मडगार्डच्या आतला पत्रा पुसून ठेवा. २०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. पत्रा कोरडा राहिला की मग नवं माउंटिंग आणा.